तीन मिलिमीटरची सोनेरी रेघ: रंगाची की 'रेडियम'ची?

घरी पाहुणे आले की एक प्रश्न ठरलेला असतो. "पीएचडी कशावर चालू आहे?" मी सांगते, "जुन्या गाड्यांवरच्या रेघांवर." मग क्षणभर कुणी काही बोलत नाही. एकदा आत्याने विचारलं, "म्हणजे लाइन मारण्यावर?" सगळे हसले, मीही हसले. पण आत्या चुकली नव्हती. गॅरेजमध्ये या कामाला 'लाइन मारणं' असंच म्हणतात.

बुलेटच्या टाकीवर, जुन्या काळ्या सायकलच्या मडगार्डवर कडेने जाणारी बारीक सोनेरी किंवा पांढरी रेघ तुम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. ती कुणी काढली, कशाने काढली, आणि पुसली गेली तर पुन्हा कशी आणायची, हे माझ्या अभ्यासातले प्रश्न. वरवर पाहता किरकोळ वाटतात. ते किरकोळ का नाहीत हे सांगायला आज एक खरी भानगड घेऊन आले आहे.

मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याहून एका काकांचा फोन आला. निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे १९७२ सालची बुलेट आहे, मूळची त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ आता नाहीत. काका म्हणाले, "मॅडम, टाकी रंगवून झाली. पेंटर म्हणतो आता हाताने लाइन मारणारा कुणी मिळत नाही, रेडियम लावून टाकू. पण रेडियम लावलं तर गाडी ओरिजिनल राहील का?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर देता आलं नाही. दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत काय कळलं ते क्रमाने सांगते.

आधी रेघ आली कुठून ते बघू

मोटारीवरची रेघ ही मोटारीची नाही. ती घोडागाडीची आहे. युरोपात बग्ग्या बांधणाऱ्या कारखान्यांत रंगकाम हा स्वतंत्र धंदा होता. लाकडी सांगाड्यावर रंगाचे आणि वार्निशचे हात एकावर एक द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. एक बग्गी रंगवून बाहेर पडायला कित्येक आठवडे जात. या कामाच्या शेवटाकडे एक खास माणूस यायचा, रेघा ओढणारा. चाकांचे आरे, दारांच्या कडा, लाकडी पट्ट्यांचे सांधे यांच्या बाजूने तो एकेक रेघ ओढत जाई.

याचा उपयोग काय? दोन उपयोग होते. एक, रेघेमुळे जाड आरा बारीक दिसतो आणि बोजड गाडी हलकी वाटते. साडीला काठ असला की अंगावर ती वेगळी दिसते, तसंच काहीसं. दुसरा उपयोग कारखान्याच्या प्रतिष्ठेचा. रेघ सरळ आहे म्हणजे रेघेखालचं काम नीट आहे, असं गिऱ्हाईक समजायचं.

या कामाचा कुंचला बघण्यासारखा असतो. दांडी बोटभर, आणि केस मात्र लांब, तलवारीच्या पात्यासारखे निमुळते. खारीच्या केसांचे कुंचले यासाठी नावाजलेले. केस लांब का? तर ते भरपूर रंग धरून ठेवतात आणि हात न उचलता लांब रेघ ओढता येते. मधेच रंग संपला तर जोड द्यावा लागतो, आणि जोड दिसतो. हा जोड लक्षात ठेवा, पुढे आपल्याला कामी येणार आहे.

मोटार आली तेव्हा तिचं अंगही बग्गीवाल्यांनीच बांधलं, त्यामुळे रेघही आली. रोल्स-रॉईसच्या गुडवुड इथल्या कारखान्यात आजसुद्धा गाडीच्या कुशीवरून जाणारी ३ मिलिमीटर रुंदीची रेघ हाताने, कुंचल्यानेच काढली जाते. तिचं इंग्रजी नावही 'कोचलाइन' आहे, म्हणजे अक्षरशः बग्गीची रेघ.

मग घाई आली

फोर्डने १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात गाड्या सरकत्या साखळीवर जुळवायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मॉडेल टी गाड्यांवर रेघा असत. काम वेगाने होऊ लागलं तशा त्या गेल्या. १९१४ ते १९२५ या काळात तर ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळायची. गाड्या मिनिटामिनिटाला पुढे सरकत असताना कुंचला घेऊन शांतपणे रेघ ओढणाऱ्या माणसाला उभं राहायला जागा कुठे असणार?

पण लोकांना रंग हवे होते. जनरल मोटर्सने १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको नावाचा नवा लॅकर वापरला. तो काही तासांत वाळायचा. रंग परत आले आणि त्यांच्याबरोबर दोन रंगांच्या गाड्यांची फॅशनही आली. आता नवी पंचाईत झाली. दोन रंग जिथे भेटतात तिथली कड सरळ कशी ठेवायची? गॅरेजवाले वर्तमानपत्राचा कागद खळीने किंवा दवाखान्यातल्या चिकटपट्टीने चिकटवायचे, आणि ती काढताना खालचा रंगही निघून यायचा.

सेंट पॉल गावातल्या थ्रीएम कंपनीत तेव्हा रिचर्ड ड्रू नावाचा एक तरुण होता. सँडपेपरचे नमुने घेऊन तो गॅरेजमध्ये जायचा. रंगाऱ्यांची ही वैतागवाडी त्याने पाहिली आणि १९२५ साली मास्किंग टेप तयार केली. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या त्या पिवळट कागदी पट्टीचा जन्म गाडीवरच्या रेघेच्या अडचणीतून झालाय. प्रबंधातलं एक प्रकरण मी या एकाच पट्टीवर लिहिते आहे.

या टेपमुळे रेघ काढण्याचा दुसरा मार्ग उघडला. दोन पट्ट्या समांतर चिकटवा, मधे रंग भरा, पट्ट्या काढा. अमेरिकेत १९३०च्या दशकात चाकाची छोटी यंत्रंही आली. पेनासारख्या नळीत रंग भरायचा, पुढचं दातेरी चाक गाडीवरून फिरवायचं की चाकाच्या रुंदीएवढी रेघ उमटते. पुढे गाड्यांची अंगं गोलाकार, वाहती झाली आणि कारखान्यातल्या रेघा ओसरल्या. १९५०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या बाजूला केनेथ हॉवर्ड, म्हणजे 'व्हॉन डच' या नावाने ओळखला जाणारा रंगारी, याच कुंचल्याने गाड्यांच्या बॉनेटवर वेलबुट्टी काढायला लागला आणि कारागिरी नव्याने लोकांच्या डोळ्यांत भरली. पण कारखान्यांचा कल तोवर दुसरीकडे गेला होता.

व्हिनाइलची पट्टी

पीव्हीसी हे प्लॅस्टिक मुळात कडक आणि ठिसूळ. १९२६ साली बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वॉल्डो सेमन यांनी त्यात मऊपणा आणणारी द्रव्यं मिसळून ते रबरासारखं केलं. आज आपण ज्याला व्हिनाइल म्हणतो ते हेच. त्याची पातळ फिल्म करून मागे गोंद लावला की झाली चिकटपट्टी. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा फिल्म गाड्यांवर दिसू लागल्या. अमेरिकेत लाकडी अंगाच्या गाड्यांवर खऱ्या लाकडाच्या जागी लाकडासारखी दिसणारी फिल्म आली. १९६९ सालच्या फोर्ड मस्टँग माख वनच्या कुशीवर तर प्रकाश परावर्तित करणारे पट्टे कारखान्यातूनच लावून येत.

आता इथे थांबा आणि काकांचा प्रश्न आठवा. "रेडियम लावलं तर ओरिजिनल राहील का?" १९६९च्या त्या मस्टँगवर कुणी अत्यंत सुबक हाताने रंगाचा पट्टा काढला, तर ते खोटं ठरेल. कारण त्या गाडीवर मुळात चिकटपट्टीच होती. म्हणजे 'हाताचं ते खरं, प्लॅस्टिकचं ते नकली' हा आपला सोपा हिशेब चालत नाही. खरं काय हे त्या गाडीच्या सालावर आणि कारखान्यावर अवलंबून असतं.

आपल्याकडेही हेच वळण दिसतं. रॉयल एनफिल्डची बुलेट इंग्लंडमध्ये रेडिचला जन्मली. भारत सरकारने लष्करासाठी बुलेट निवडली, आणि १९५५ साली मद्रास मोटर्सच्या भागीदारीत ती मद्रासला जुळवायला सुरुवात झाली. काही वर्षांत सगळे भाग इथेच होऊ लागले. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. गाडीबरोबर रेघही तिकडून आली होती. ती इकडच्या हातांत गेली आणि तिकडे संपल्यावरही इकडे टिकली. चेन्नईच्या कारखान्यात जयकुमार आणि किशोर कुमार या भावांनी टाक्यांवर हाताने ओढलेल्या रेघा जगभरच्या बुलेटप्रेमींना ठाऊक आहेत.

मग १९८०च्या दशकात जपानी तंत्राच्या गाड्या आल्या. १९८५च्या आसपास हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, आणि आपली कावासाकी बजाज. यांच्या टाक्यांवर कुंचला फिरला नाही, त्यांना स्टिकरचे पट्टे होते. म्हणून आरएक्स १०० पुन्हा उभी करताना स्टिकर शोधणं हेच प्रामाणिक काम, आणि १९७२ची बुलेट उभी करताना मुळात तिथे रंग होता हे मान्य करणं प्रामाणिक.

जाता जाता एक शब्दाची गंमत. गावोगावी 'रेडियम आर्ट'ची दुकानं असतात. नंबरप्लेटपासून 'आईचा आशीर्वाद'पर्यंत सगळं तिथे कापून मिळतं. त्यात रेडियमचा कणही नसतो, असतं ते व्हिनाइल. अंधारात चमकणारं ते रेडियम, हा अर्थ घड्याळाच्या काट्यांमुळे घराघरांत पोचला होता, तोच या चमकत्या पट्ट्यांना चिकटला आणि मग न चमकणाऱ्यांनाही. असो.

साताऱ्यातला पुरावा

मी पोचले तेव्हा टाकी घासून, नवा काळा रंग देऊन चकाचक झाली होती. गॅरेजवाल्याने त्याच्या दृष्टीने उत्तम काम केलं होतं. माझ्या दृष्टीने मात्र एक कागदपत्र जळालं होतं. जुनी रेघ कुठून निघाली, कुठे वळली, किती जाड होती, याची कुणी साधी फोटोसुद्धा घेऊन नोंद केली नव्हती. काकांना हे सांगताना मला वाईट वाटलं. त्यांनी पदरचे पैसे घालून, हौसेने हे काम करून घेतलं होतं.

मग चहा पिता पिता काका म्हणाले, "डावीकडच्या टूलबॉक्सचं जुनं झाकण माळ्यावर आहे बहुतेक. दादाने एकदा गाडी पाडली होती, चेपलं म्हणून बदललं. टाकून कुणी दिलं नाही." शिडी लावून ते काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, चेपलेलं, कडेला गंजलेलं. आणि त्यावर रेघ होती.

आता ही रेघ रंगाची की पट्टीची हे कसं ओळखायचं? तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर तुम्हालाही करता येईल, म्हणून सांगते.

मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरका धरा. पट्टी असेल तर दोन्ही कडांना सारख्या उंचीची पायरी दिसते, आणि कडेला धूळ चिकटलेली असते. मास्किंग टेप लावून रंग भरला असेल तर कडांना बारीक वरंबा असतो, मधला भाग किंचित खाली. मोकळ्या हाताने कुंचल्याने ओढलेली रेघ मधे जाड आणि कडांकडे उतरती लागते. नख हलकेच आडवं फिरवलं तर पट्टीला अडतं, कुंचल्याच्या रेघेला सहसा अडत नाही.

दुसरी खूण रुंदीची. पट्टी सगळीकडे सारखी असते. आमच्या झाकणावरची रेघ व्हर्नियरने मोजली तर कुठे अडीच मिलिमीटर, वळणावर तीनच्या जवळ. आणि तिसरी खूण, तो मघाचा जोड. झाकणाच्या खालच्या बाजूला एके ठिकाणी रेघ किंचित फुगली होती. तिथून कुणीतरी सुरुवात केली होती आणि फिरून तिथेच येऊन संपवलं होतं.

काका बराच वेळ त्या फुगवट्याकडे भिंगातून बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्या माणसाचा हात इथे थांबला होता." तोवर मी 'मॅडम'ची 'पोरी' झाले होते. "पोरी, आता टाकीचं काय करायचं ते तू सांग."

बारीक पट्टी शोधण्याची खटपट

पहिला विचार अर्थातच कुंचल्याचा. गावात साइनबोर्ड रंगवणारे एक जुने पेंटर होते. सत्तरी ओलांडलेली. त्यांनी झाकण पाहिलं आणि स्वच्छ नाही म्हणाले. "दहा वर्षांपूर्वी आला असतात तर मारली असती. आता हात थरथरतो. नव्या रंगावर थरथर दिसेल." त्यांच्या दुकानातही आता प्लॉटर आहे, मुलगा बघतो. म्हणून मग व्हिनाइलचा शोध सुरू झाला, आणि एवढीशी पट्टी मिळवणं किती अवघड आहे ते मला कळलं.

अडचण पहिली, मापाची. इंग्रजी परंपरेतल्या गाड्यांच्या रेघा इंचाच्या भागांत विचार केलेल्या असतात. १/१६ इंच म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, ३/३२ म्हणजे सुमारे २.४, १/८ म्हणजे सुमारे ३.२. बाजारात तयार पट्टीचा रोल मागितला की हातात ३, ५ किंवा ६ मिलिमीटरचा पडतो. अर्ध्या मिलिमीटरने काय फरक पडतो असं वाटेल, पण अडीचच्या रेघेवर अर्धा मिलिमीटर म्हणजे पाचवा हिस्सा. टाकीवर लावून बघितलं की रेघ लगेच ढोबळ दिसते.

अडचण दुसरी, फिल्मच्या जातीची. व्हिनाइल दोन प्रकारे बनतं. कॅलेंडर्ड प्रकारात गरम प्लॅस्टिक रुळांमधून दाबत, ओढत पातळ करतात. ही फिल्म जाडसर, साधारण ७० ते १०० मायक्रॉन, आणि स्वस्त असते. पण ओढून बनवल्यामुळे तिच्यात ताण राहतो. ऊन लागलं की ती पुन्हा आखडायला बघते. कास्ट प्रकारात पातळ द्रव एका पृष्ठभागावर ओतून भट्टीत पक्का करतात. ती सुमारे ५० मायक्रॉनची, ताण नसलेली आणि गोलाईवर निमूट बसणारी, आणि अर्थात महाग.

नाना पेठेतून आणलेला पहिला तयार रोल आम्ही टाकीवर लावून पाहिला. सरळ भागात छान बसला. गुडघ्याजवळच्या वळणावर एप्रिलच्या उन्हात पंधरा दिवसांत उठला. कॅलेंडर्ड होता, हे उघडच.

मग होर्डिंग आणि गाड्यांच्या जाहिराती करणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या एका दुकानात गेले. तिथे कास्ट फिल्म होती, पण सुमारे चार फूट रुंदीच्या रोलमधून मीटरवर. आम्हाला हवी होती अडीच मिलिमीटरची पट्टी! दुकानदार म्हणाला, "ताई, हे तुमच्या दहा पिढ्यांना पुरेल." तरी अर्धा मीटर घेतली. सोनेरी रंग निवडतानाही गोंधळ. आरशासारखं चकाकणारं सोनेरी सहज मिळतं, पण रंगातलं सोनेरी तसं नसतं. त्यासाठी सहसा धातूची बारीक भुकटी वापरतात, ती मंद दिसते आणि काळाने तपकिरीकडे झुकते. म्हणून मंद झाक असलेली फिल्म घेतली.

अडचण तिसरी, कापण्याची. इतकी बारीक पट्टी प्लॉटरच्या पात्याला लागून उचलली जाते आणि चुरगळते. त्यावर उपाय दोन. पात्याचा वेग आणि दाब कमी ठेवायचा, आणि सरळ पट्टी कापून ती टाकीवर वाकवत बसण्यापेक्षा वळणाच्या आकारातच कापायची. आम्ही टाकीवर बटर पेपर लावून रेघेचा मार्ग पेन्सिलने काढला, तो स्कॅन केला आणि पेंटरकाकांच्या मुलाने त्याच आकारात पट्ट्या कापल्या. वळणावरचा ताण त्यामुळे जवळजवळ गेला.

तुम्ही असं काही करणार असाल तर आणखी दोन गोष्टी. ताज्या रंगावर लगेच पट्टी लावू नका, रंगातून द्रावक बाहेर पडत असतो आणि पट्टीखाली फुगे येतात. तीन-चार आठवडे तरी थांबा. आणि पट्टीचं टोक टाकीवर ठेवून ब्लेडने कधीही कापू नका. रंग चिरला जातो आणि त्याच चिरेतून गंज सुरू होतो.

मग ओरिजिनलचं काय?

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ साली तुरिन चार्टर स्वीकारला. त्याचा गाभा असा, की जे टिकलंय ते आधी जपा, बदल करावाच लागला तर कमीत कमी करा, आणि केलेल्या बदलाची नोंद ठेवा. आपल्या सरकारनेही २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हीए' मालिका आणली. तिथे चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. रेघ कशाची आहे याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. म्हणजे काकांना कागदोपत्री अडचण काहीच नव्हती. प्रश्न त्यांच्या आणि माझ्या मनातला होता.

मी त्यांना माझं मत सांगितलं ते असं. जिथे जुना रंग शिल्लक आहे, म्हणजे माळ्यावरच्या झाकणावर, तिथे काहीही लावायचं नाही. नवी पट्टी नाही आणि नवा रंगही नाही. पट्टीचा गोंद पुढे काढताना जुना रंग सोबत घेऊन येऊ शकतो. टाकीवर मात्र आता जुनं काही उरलंच नाही. तिथे कुंचला फिरवला काय किंवा पट्टी लावली काय, दोन्ही आजचंच काम. त्यातही पट्टीचा एक गुण आहे, ती पुढे कधी काढता येते. उद्या काकांना लाइन मारणारा हात सापडला तर वाट मोकळी.

यावर पेंटरकाकांच्या मुलाने रास्त शंका काढली. "पेट्रोल भरताना सांडलं की कडा उठणार. वरून क्लिअर कोट मारू?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. क्लिअर कोट मारला तर पट्टी वर्षानुवर्षं टिकेल. पण मग ती काढायची तर सगळा रंग पुन्हा घासावा लागेल, म्हणजे ज्या कारणासाठी पट्टी निवडली तेच कारण संपेल. टिकाऊपणा हवा की परत फिरण्याची सोय, यातलं एकच मिळणार होतं.

ठरवलं काकांनी. म्हणाले, "मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. मला टिकायला किती हवं? उठली तर दुसरी लावू. पण पुढच्याची वाट बंद नको." क्लिअर कोट मारला नाही. पट्ट्यांचे आणखी तीन जोड कापून ठेवले, नाहीतरी फिल्म दहा पिढ्यांची होतीच.

एक गोष्ट मात्र मी प्रामाणिकपणे कबूल करते. पट्ट्या लागल्या तेव्हा टाकी सुंदर दिसली, आणि तरी काहीतरी खटकलं. नंतर कळलं, डावी आणि उजवी बाजू हुबेहूब सारखी होती. प्लॉटरने एकच आकार उलटा करून कापला होता. हाताने काढलेल्या दोन बाजू कधीच इतक्या जुळत नाहीत. आणि कुठेही तो फुगवटा नव्हता, जिथे हात थांबतो.

कृत्रिम फुगवटा काढावा का, असा मोह झाला होता. मीच नको म्हटलं. तो कुणाच्या हाताचा नसता.

त्याऐवजी एक कागद लिहिला. कोणत्या तारखेला टाकी घासली गेली, आताची रेघ कास्ट व्हिनाइलची आहे, किती रुंदीची आहे, ती कशाच्या आधारावर ठरवली, आणि मूळ रेघ असलेलं झाकण कुठे ठेवलं आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो टूलबॉक्समध्ये ठेवला, सुट्या पट्ट्यांच्या शेजारी. पन्नास वर्षांनी ही गाडी कुणी उघडली तर त्याला माझ्यासारखं अंदाजावर चालावं लागणार नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला एवढं कुणी आयतं हातात देत नाही हो!

म्हणून तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरी आजोबांची सायकल, वडिलांची स्कूटर, मामांची राजदूत असं काही असेल आणि ते रंगवायला टाकणार असाल, तर जरूर टाका. पण गॅरेजमध्ये पाठवण्याआधी दहा मिनिटं काढा. टॉर्च तिरका धरून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. रेघ असेल तर तिच्यावर बटर पेपर ठेवून तिचा माग काढून घ्या. आणि बदललेला एखादा चेपका भाग भंगारात देण्याआधी माळ्यावर जागा आहे का तेवढं बघा.

झाकण आता काकांच्या बैठकीत भिंतीवर आहे, दादांच्या फोटोखाली. परवा फोन आला होता. टाकीवरची उजव्या बाजूची पट्टी झाकणाशी जरा उठली म्हणे, पेट्रोल सांडलं. दुसरी लावली, वीस मिनिटं लागली.